ड्रेनेज पुन्हा पुन्हा का तुंबतं? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

घरातलं ड्रेनेज एकदा तुंबलं तर तो अपघात असतो. तेच ड्रेनेज वर्षातून चार वेळा तुंबत असेल तर लाईनमध्ये कुठेतरी दोष आहे, आणि तो शोधल्याशिवाय दिलेले पैसे वाया जातात. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न आणि प्लंबिंगच्या जाणकारांनी दिलेली उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न: आमचा बंगला चाळीस वर्षांपूर्वीचा आहे. संडासाची लाईन दर दोन-तीन महिन्यांनी तुंबते. माणूस येतो, बांबूची पट्टी घालतो, पाणी उतरतं आणि पुन्हा तेच. लाईन अंगणातल्या उंबराजवळून जाते. एक प्लंबर म्हणतो, सगळं उकरून सहा इंची पाईप टाका. टाकावा का? – एक वाचक, मिरज

इतक्यात नको. आधी कुठे अडतंय ते नक्की करा. खोदकामाचा खर्च त्यावर ठरतो.

पुढच्या वेळी तुंबेल तेव्हा संडासापासून रस्त्यापर्यंतच्या सगळ्या चेंबरची झाकणं उघडा. एखादं चेंबर भरलेलं आणि त्याच्या पुढचं कोरडं दिसेल. अडथळा या दोघांच्या मधल्या पाईपात आहे. सगळी चेंबर काठोकाठ भरलेली असतील तर दोष बहुधा तुमच्या घरात नाही, रस्त्यावरच्या महापालिकेच्या लाईनमध्ये आहे. मग घरातला पाईप उकरून काहीच हाती लागणार नाही. पालिकेच्या ड्रेनेज विभागाकडे लेखी तक्रार द्या आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

अडथळा तुमच्याच हद्दीत असेल तर कोरड्या चेंबरच्या बाजूने, बाहेर उभं राहूनच, रॉड घालायला सांगा. जोडाचे रॉड नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचे. उलटे फिरवले तर आट्या सुटतात आणि अर्धा रॉड आत राहतो. रॉड जिथे अडेल तिथे चेंबरच्या कडेशी त्याला चिकटपट्टी लावा, बाहेर काढून टेपने मोजा आणि तो आकडा वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी पुन्हा तितक्याच अंतरावर अडलं तर खोदायची जागा सापडली. या मोजमापाला पैसे लागत नाहीत आणि तरी बहुतेक घरांत कोणी करत नाही, याचं वाईट वाटतं.

बाहेर काय येतं तेही नीट पाहा. केसांसारखी तपकिरी, बारीक मुळं आली तर झाड पाईपात शिरलं आहे. माती, वाळू किंवा खापराचे तुकडे आले तर पाईप फुटला आहे. साबणासारखे पांढरट गोळे म्हणजे थिजलेलं तेल-तूप. चिंधी, सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स आले तर पाईपाआधी वापर सुधारायला हवा, कारण पाकिटावर काहीही छापलेलं असलं तरी वाइप्स पाण्यात विरघळत नाहीत. आणि रॉड सहज आरपार जातो, बाहेर काहीच येत नाही, तरीही चार दिवसांनी तुंबतं, अशी तक्रार असेल तर पाईप मधेच खचून त्याला पोट आलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. त्या पोटात पाणी साचतं आणि मैला खाली बसतो.

तुमच्या बाबतीत उंबर आणि बंगल्याचं वय पाहता संशय मुळांवर जातो. त्या काळातल्या लाईनी बहुधा खापराच्या, म्हणजे स्टोनवेअर पाईपांच्या असत. एक पाईप साधारण ६० सेंमी लांब, जोड ताग आणि सिमेंटचा. आठ मीटरच्या लाईनमध्ये असे बारा-तेरा जोड येतात. सिमेंटला केसाएवढी जरी तड गेली तरी ओलाव्याच्या ओढीने मूळ आत शिरतं आणि आत गेल्यावर त्याचा झुबका होतो. बांबूची पट्टी त्या झुबक्याला फक्त भोक पाडते. पाणी उतरतं, पण झुबका तिथेच राहतो, त्यात पुढचा कागद, केस, चिंधी अडकते. म्हणून दोन महिन्यांनी तुम्हाला पुन्हा तोच माणूस बोलवावा लागतो. मोरचूद ओतून मुळं मारायचा सल्ला कोणी देईल, तो मानू नका. मूळ तात्पुरतं जळतं, जोडाची तड मात्र तशीच राहते. उंबरही तोडू नका, पाईप बदला.

आता ढाळ. चार इंची लाईनला ४० ला १ असा उतार हवा, म्हणजे दर मीटरला २५ मिमी. सहा इंचीला ६० ला १, म्हणजे मीटरला साधारण १७ मिमी. मोजायला गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल ट्यूब पुरते. तिच्यात पाणी भरा, बुडबुडा राहू देऊ नका, एक टोक एका चेंबरवर आणि दुसरं पुढच्या चेंबरवर धरा. दोन्हीकडे नळीतल्या पाण्याच्या पातळीपासून चेंबरच्या तळातल्या पन्हळीपर्यंत माप घ्या. पहिल्या चेंबरला ६२ सेंमी आणि दुसऱ्याला ७४ सेंमी भरलं तर उतार १२ सेंमी झाला. दोन चेंबरमधलं अंतर ८ मीटर असेल तर तो २० सेंमी हवा होता, म्हणजे लाईन सपाट आहे.

सहा इंची पाईपाने हे सुटत नाही. एका घराचं पाणी मोठ्या पाईपात पातळ थरात पसरतं, मैला तरंगत नाही, तळाला टेकून राहतो. एका कुटुंबाला ११० मिमीची, म्हणजे चार इंची लाईन पुरेशी आहे, ढाळ बरोबर हवा.

एकच जोड सडलेला असला तरी मधला तुकडा बदलू नका, चेंबर ते चेंबर पूर्ण पाईप बदला. खापर आणि पीव्हीसी यांचा जमिनीखालचा जोड हीच पुढची कटकट असते. जमिनीखाली आयएस १५३२८ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला तपकिरी-नारिंगी यूपीव्हीसी पाईप घ्या. पाईपावर ताठपणाचा एसएन वर्ग छापलेला असतो: अंगणात एसएन ४ चालतो, गाडी जाणार असेल तर एसएन ८. तळाला १० सेंमी वाळू ठोकून घ्या आणि पाईपाचं सॉकेट, म्हणजे रुंद तोंड, वरच्या बाजूला, म्हणजे पाणी येतं त्या दिशेला ठेवा. रबर रिंगला साबणाचं पाणी लावा, ग्रीस किंवा तेल नको, त्याने रबर फुगतं. पाईप पूर्ण आत ढकलून मग साधारण १० मिमी मागे ओढा, उन्हाळ्यात वाढायला जागा राहते. वरून आणि बाजूंनी १५ सेंमी वाळू टाकल्यावरच मुरूम भरा. काढलेले दगड परत पाईपावर लोटू देऊ नका. पाईप खचून पोट येण्याचं ते एक मुख्य कारण आहे.

चेंबरचा तळ सपाट असेल तर त्याच वेळी तोही दुरुस्त करा. मध्ये अर्धगोल पन्हळ आणि दोन्ही बाजूंना पन्हळीकडे उतरतं, गुळगुळीत घोटलेलं सिमेंट असावं. सपाट चेंबरमध्ये मैला कोपऱ्यात वाळतो आणि एक दिवस ढेकूळ सुटून पुढच्या पाईपात अडकतं.

प्रश्न: आमचा फ्लॅट तळमजल्यावर आहे. वरच्या मजल्यावर वॉशिंग मशीन रिकामं झालं की आमच्या स्वयंपाकघरातल्या नहाणीतून (जमिनीवरच्या जाळीतून) फेस आणि काळं पाणी वर येतं. सचिव म्हणतात, तुमच्या घरातलं तुम्ही बघा. – एक गृहिणी, डोंबिवली

ताई, ते पाणी तुमच्या घरातलं नाही. वरच्या सगळ्या मजल्यांचं पाणी एका उभ्या पाईपातून खाली येतं. तो पाईप जिथे आडवा वळतो त्याच्या पुढे अडथळा आहे, आणि वाट न मिळालेलं पाणी सगळ्यांत खालच्या तोंडातून बाहेर येतं. ते तोंड म्हणजे तुमची नहाणी. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये सामाईक ड्रेनेज लाईनची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चातून करायची आहे. सचिवांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्जात तारीख, वेळ आणि त्या वेळी तुमच्या घरात नळ बंद होते, ही गोष्ट लिहा. फेस वर येत असतानाचा व्हिडिओ जोडा.

सोसायटीने तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, पाईपाच्या पायाशी एकच काटकोनी बेंड आहे का. असेल तर वरून येणारं पाणी तिथे आपटतं, फेस साठतो आणि तुपकट थर तिथेच चिकटतो. त्याऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड लावावेत आणि जवळ झाकण उघडता येईल असं डोअरचं फिटिंग बसवावं. दुसरी गोष्ट गली ट्रॅपची, म्हणजे इमारतीबाहेर जमिनीत बसवलेल्या, पाणी धरून वास अडवणाऱ्या जाळीच्या खड्ड्याची. स्वयंपाकघराची लाईन बहुतेक इमारतींत आधी गली ट्रॅपमध्ये येते. त्याची जाळी आठवड्यातून एकदा काढून गाळ उपसायला हवा. चहाचा चोथा, भात आणि तूप यांचा तिथे घट्ट थर होतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची: तळमजल्याची नहाणी आणि सिंक उभ्या पाईपाच्या पायाशी जोडलेली असतील तर तिथून तोडून स्वतंत्र पाईपाने थेट चेंबरकडे किंवा गली ट्रॅपकडे न्यावीत. एवढं केलं की चेंबर मोकळं असेल तोवर वर कोणी काहीही सोडलं तरी तुमच्या घरात येणार नाही.

आडव्या लाईनमध्ये तेल-तुपाचा थर जमला असेल तर तिथे बांबूची पट्टी निरुपयोगी आहे. जोराच्या दाबाने पाणी मारणारं जेटिंग मशीन मागवा. जेटिंग खालच्या चेंबरमधून वरच्या दिशेने करतात. नोझलच्या मागच्या छिद्रांतून सुटणारं पाणी नोझलला पुढे ढकलतं आणि खरवडलेला थर मागे चेंबरमध्ये आणतं. तो थर चेंबरमधून बाहेर काढला पाहिजे, नाहीतर पुढच्या वळणावर पुन्हा जमतो. खापराची जुनी, तडकलेली लाईन असेल तर चालकाला आधी सांगा आणि दाब कमी ठेवायला लावा.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हने, म्हणजे पाणी मागे येऊ न देणाऱ्या झडपेने, तात्पुरता दिलासा मिळेल. पण तो बंद असतो तेव्हा तुमचं स्वतःचं पाणीही जात नाही, आणि झडपेत केस अडकला की ती नीट मिटत नाही. दर महिन्याला उघडून धुवायची तयारी असेल तरच बसवा.

वरच्या मजल्यांवरच्या मंडळींनाही सांगायला हवं: कढईतलं तेल गरम पाण्याने धुवून टाकलं की ते गेलं असं वाटतं, पण चार-पाच मीटर पुढे जाऊन थंड होतं आणि तिथेच थिजतं. कढई आधी रद्दी कागदाने पुसून घ्यावी आणि तो कागद कचऱ्यात टाकावा.

प्रश्न: दुकानात मिळणारं ॲसिड किंवा पावडर टाकली तर चालेल का? – एक वाचक, नाशिक

पूर्ण तुंबलेल्या लाईनमध्ये नाही. ॲसिड साचलेल्या पाण्यात मिसळून पातळ होतं, अडथळ्यापर्यंत पोचतच नाही. चिंधी, पॅड किंवा प्लास्टिकवर त्याचा काही उपयोग नाही. ते जुन्या लाईनचे सिमेंटचे जोड आणि चेंबरचा गिलावा मात्र खातं. कॉस्टिक सोड्याची पावडर थंड, साचलेल्या पाण्यात पडली तर तळाशी दगडासारखी बसते आणि अडथळ्यात भर घालते.

खरा धोका मिसळण्याचा आहे. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, लहानशा बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. ॲसिडनंतर कॉस्टिक टाकलं तर पाणी उकळून अंगावर उडतं. काही टाकून झालेलंच असेल तर दारं-खिडक्या उघडा, बाहेर या, आणि प्लंबर येईल तेव्हा तोंडाने स्पष्ट सांगा. त्याचे हात आणि डोळे त्या पाण्याजवळ जाणार आहेत.

घरच्या घरी करायचा उपाय रबरी पंप. सिंकचा ओव्हरफ्लो, म्हणजे काठाजवळचं भोक, ओल्या फडक्याने बंद करा, पंपाची वाटी बुडेल इतकं पाणी ठेवा आणि पंधरा-वीस वेळा दाबून ओढा. जोर ओढण्यावर द्यायचा. त्याने गेलं नाही तर सिंकखालचा बॉटल ट्रॅप (बाटलीसारखा भाग) खाली बादली धरून उघडा. सिंकचं चोकअप बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

प्रश्न: तुंबत नाही, पण फ्लश केलं की नहाणीतून गुडगुड आवाज येतो आणि नंतर वास सुटतो. – एक वाचक, पणजी

व्हेंट, म्हणजे गच्चीपर्यंत नेलेला हवेचा पाईप, बहुधा बंद आहे. फ्लशचं पाणी खाली जाताना मागून हवा लागते. व्हेंट पाईपातून मिळाली नाही तर ती नहाणीच्या ट्रॅपमधलं, म्हणजे जाळीखालच्या वळणात साठलेलं पाणी ओढून घेते. त्या ट्रॅपमध्ये जेमतेम ५० मिमी पाणी असतं, आणि लाईनमधला वास घरात येऊ न देणारं तेवढंच असतं. गच्चीवर जाऊन पाहा: पाईपाच्या तोंडावर पक्ष्याचं घरटं, प्लास्टिकची पिशवी, किंवा वॉटरप्रूफिंग करताना कोणी कापून बुजवलेलं तोंड सापडेल. वावर असलेल्या गच्चीवर व्हेंट साधारण २ मीटर उंच न्यावा आणि वर जाळीची टोपी बसवावी. व्हेंट मोकळा असूनही आवाज येत असेल तर पुढची लाईन अर्धी भरली आहे, चेंबर उघडून पाहा.

वापरात नसलेल्या बाथरूममधून नुसताच वास येत असेल तर ट्रॅप सुकला आहे. आठवड्याला तांब्याभर पाणी ओता.

प्रश्न: गावच्या घराची सेप्टिक टाकी पावसाळ्यात भरून वाहते. गेल्या जुलैत टँकरने उपसली, आठ दिवसांत पुन्हा भरली. टाकी लहान पडते का? – एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

सेप्टिक टाकी कायम भरलेलीच असते. बाहेर जाणाऱ्या पाईपाच्या तळापर्यंत पाणी असणं ही तिची योग्य अवस्था आहे. उपसल्यावर ती काही दिवसांत तिथपर्यंत येणारच. पाणी त्या पाईपाच्या वर चढलंय का, एवढंच पाहायचं.

चढलं असेल तर शोषखड्डा पाणी घेत नाही. पावसाळ्यात याची दोन कारणं असतात. एक, भूजल इतकं वर आलं की खड्ड्याभोवतीची जमीनच भरली. दोन, टाकीतली वर तरंगणारी साय आणि गाळ वाहून खड्ड्याच्या भिंतींवर थर बसला. दुसरं कारण असेल तर टाकीच्या आउटलेटला टी, म्हणजे इंग्रजी टी आकाराचा पाईप, आहे का ते तपासा. टीचा खालचा पाय पाण्यात बुडालेला असला की वरची साय पुढे जात नाही. हा टी तुटलेला किंवा कधी बसवलेलाच नाही, अशा टाक्या पुष्कळ सापडतात.

पाऊस चालू असताना तीन-चार तास घरातलं पाणी बंद ठेवा आणि काठीने पातळी मोजा. तरीही वाढली तर झाकणाच्या फटीतून किंवा भिंतीतून पावसाचं पाणी आत येतंय, किंवा शोषखड्ड्यातून मागे फिरतंय. पन्हाळीचं किंवा खळ्यातलं पाणी टाकीला जोडलेलं असेल तर आजच तोडा. आणि भर पावसात टाकी पूर्ण उपसू नका. बाहेर भूजलाचा दाब असतो, रिकामी टाकी तडकते, प्लास्टिकची असेल तर वर उचलली जाते. उपसण्याचा काळ मार्च ते मे.

दर दोन-तीन वर्षांनी, किंवा तळाचा गाळ टाकीच्या एक तृतीयांश उंचीला आला की उपसा. मोजायला लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत घाला आणि काढा, गाळाची काळी रेघ दिसते. नवा शोषखड्डा घ्यायचा झाला तर विहिरीपासून किमान १८ मीटर दूर. जांभ्यात भेगा असतात, त्यातून पाणी लांब जातं, म्हणून कोकणात जागा असेल तितकं अंतर अधिक ठेवा.

एक गोष्ट कुठल्याही परिस्थितीत करायची नाही: टाकीत किंवा खोल चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. हायड्रोजन सल्फाईड जास्त असला की आधी वास घेण्याची शक्ती जाते आणि माणूस क्षणात कोसळतो. त्याला काढायला उतरलेलाही जातो. काडी पेटवून पाहणं हाही वेडा धोका आहे, आत मिथेन असतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने अशा कामाला सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा आदेश आहे. पण कायदा नसता तरी हे काम कोणाला सांगायचं नाही. सक्शनचा टँकर बोलवा. त्यासाठी १४४२० ही राष्ट्रीय हेल्पलाईनही आहे.

प्रश्न: बाथरूम नवं केलं, महिनाभरातच कमोड तुंबायला लागला. कंपनीचा माणूस म्हणतो कमोड उत्तम आहे. – एक वाचक, पुणे

आठ-दहा लिटर पाणी बादलीने एका दमात कमोडमध्ये ओता. सरळ निघून गेलं तर लाईन ठीक आहे, फ्लश कमी पडतोय. टाकीतला फ्लोट वर करा, आणि दुहेरी फ्लशचं मोठं बटण वापरा. छोट्या बटणाचं तीन लिटर पाणी मैला लांब नेऊ शकत नाही.

पाणी वर चढून हळूहळू उतरलं तर टाइल्सच्या कामातलं सिमेंट पाईपात गेलं असण्याची शक्यता मोठी आहे. कारागीर घमेली आणि थापी धुतात ते पाणी नहाणीत नाहीतर कमोडच्या उघड्या पाईपात सोडतात, ते तळाशी बसून घट्ट होतं. दुसरी शक्यता, कमोड आणि पाईपाचं केंद्र जुळलं नाही म्हणून कनेक्टर तिरका दाबून बसवलाय आणि त्याची कड आत आली आहे. दोन्हींसाठी कमोड काढावाच लागेल. इथून पुढे काम काढाल तेव्हा पहिल्याच दिवशी सगळी तोंडं एंड कॅपने बंद करून घ्या. चिंधी कोंबून ठेवू नका, ती हमखास आत जाते.

प्रश्न: लाईन बदलायला तीन ठेकेदारांनी तीन वेगळे अंदाज दिले. काम नीट झालं हे आम्हाला कसं कळणार? – एक वाचक, कोल्हापूर

अंदाज मागताना पाईपाचा व्यास, आयएस क्रमांक, एकूण लांबी, चेंबरची संख्या आणि दर मीटरचा उतार लिहून मागा. तीन कागद एकमेकांशेजारी ठेवल्यावर फरक कुठे आहे ते दिसेल. बहुतेकदा स्वस्त अंदाजात वाळूचा थर आणि चेंबरचा घोटीव तळ गाळलेला असतो. कॅमेरा घालून तपासणी करणार असाल तर आधी लाईन धुऊन घ्या, आणि पडद्यावर मीटरमध्ये अंतर दिसणारं रेकॉर्डिंग मागून घ्या.

पाईप टाकून झाला की माती ओढण्याआधी दोन चाचण्या स्वतः उभं राहून करून घ्या. एका चेंबरमध्ये टॉर्च, दुसऱ्यात आरसा: प्रकाशाचं पूर्ण वर्तुळ दिसलं तर पाईप सरळ आहे, चंद्रकोर दिसली तर मधे वाकला आहे. मग ११० मिमीच्या पाईपात सुमारे ९ सेंमी व्यासाचा गुळगुळीत चेंडू वरच्या टोकाला सोडा. तो हात न लावता खालच्या टोकाला यायला हवा. अडला तर आत सिमेंटचा गोळा आहे, रबर रिंग सरकली आहे किंवा ढाळ तुटला आहे. तो दोष काढून चेंडू पुन्हा सोडेपर्यंत खड्डा बुजवू देऊ नका आणि शेवटचा हप्ता देऊ नका.